मातीची कबुतरं आणि ‘सोपा’ पेपर



२०२४ च्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. मधली सुट्टी नुकतीच संपली होती, डबे अजून पुरते मिटले नव्हते आणि आमच्या सातवीच्या वर्गात जोरदार भांडण जुंपलं होतं. मी दारात येऊन उभी राहिले तरी कोणाचं लक्ष नाही! भांडणाचा विषय होता पॅरिस ऑलिंपिक. आदल्या संध्याकाळी स्कीट नावाच्या नेमबाजीत माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका या आपल्या जोडीचं कांस्यपदक एका, फक्त एका थाळीनं हुकलं होतं. चीनच्या जोडीनं फोडल्या ४४ थाळ्या आणि आपल्या जोडीनं ४३.

एक मुलगा तावातावानं म्हणत होता, "अरे, त्याच्या आधीच्या फेरीत त्यांनी दीडशेपैकी १४६ थाळ्या फोडल्या. म्हणजे सत्त्याण्णव टक्के! एवढे टक्के आपल्या वर्गात पडतात का कोणाला? पेपरच सोपा असणार."

एक मुलगी म्हणाली, "शिवाय स्कीटमध्ये थाळी कुठून येणार ते आधीच माहीत असतं. त्यापेक्षा ट्रॅप अवघड. तिथं थाळी कुठं जाईल ते कोणालाच ठाऊक नसतं."

"पण ट्रॅपमध्ये एका थाळीला दोन बार काढता येतात," मागच्या बाकावरून तिसरा ओरडला. "पहिला चुकला तरी दुसरा आहेच की! मग अवघड कसलं?"

एवढ्यात त्यांना मी दिसले. लगेच सगळे माझ्याकडे वळले. "बाई, आता तुम्हीच सांगा. कोणतं अवघड?"

खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगते," असं म्हणून मी वेळ मारून नेली आणि घरी जाऊन वाचत बसले. ते उत्तर शोधताना जी गंमत कळली, तीच आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी कबुतरांविषयी

या खेळाला म्हणतात ‘क्ले पिजन शूटिंग’, म्हणजे मातीच्या कबुतरांची नेमबाजी. आता, ही कबुतरं म्हणजे छोट्या बशीसारख्या गोल थाळ्या. रुंदी ११ सेंटिमीटर, वजन सुमारे १०५ ग्रॅम. आज त्या मातीच्याही नसतात. डांबरासारखा एक पदार्थ आणि चुनखडीची भुकटी मिसळून त्या करतात. हवेत फेकताना तुटू नयेत, पण छर्रा लागताच तुकडे व्हावेत, इतपतच त्या कडक असतात.

मग कबुतराचं नाव कशाला? कारण सुरुवातीला खरोखरच जिवंत कबुतरं सोडत आणि त्यांच्यावर बार काढत. १९०० साली पॅरिसला ऑलिंपिक झालं, तेव्हाही जिवंत कबुतरांवर नेम धरण्याची स्पर्धा झाली होती. पुढे हा क्रूर प्रकार ऑलिंपिकमधून गेला. त्याच्याही आधी, १८८० साली, अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी मातीची उडती थाळी बनवली होती. पक्षी वाचले, नाव मात्र मागे राहिलं. आजही नेमबाज थाळी मागताना ‘पुल!’ असं ओरडतात. पुल म्हणजे ओढ. पूर्वी दोरी ओढून थाळी किंवा पक्षी सोडत असत, त्याची ही आठवण.

बंदूकही वेगळी असते बरं का! रायफलीतून एकच गोळी जाते. या खेळातल्या शॉटगनच्या काडतुसात मात्र बारीक छर्रे भरलेले असतात. सगळ्या छऱ्यांचं मिळून वजन २४ ग्रॅम आणि संख्या साधारण तीनशे. ते घोळक्यानं जातात. "तीनशे छर्रे? मग लागणारच की एखादा!" असं तुम्ही म्हणाल. जरा थांबा.

ट्रॅप: कुठं जाईल, सांगता येत नाही

मैदानात एक खंदक खणलेला असतो आणि त्यात १५ यंत्रं लपवलेली असतात. खंदकाच्या १५ मीटर मागे एका ओळीत पाच जागा. प्रत्येक जागेसमोर तीन यंत्रं. नेमबाज बंदूक खांद्याला लावून तयार उभा राहतो आणि ओरडतो. त्याचा आवाज समोरच्या मायक्रोफोनमध्ये गेला की त्या क्षणी तीनपैकी कोणत्या तरी एका यंत्रातून थाळी सुटते. कोणत्या, ते त्याला माहीत नसतं. थाळी डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल, सरळ जाईल, जमिनीलगत जाईल किंवा उंच जाईल. सरळ रेषेपासून दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत ती वळू शकते. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. आणि ती सारखी नेमबाजापासून दूर दूर पळत असते.

त्यामुळे विचार करायला वेळच नसतो. साधारण पाऊण सेकंदात पहिला बार निघाला पाहिजे. तोवर थाळी तीस-पस्तीस मीटर लांब गेलेली असते. जितकी लांब, तितका छऱ्यांचा घोळका विरळ. मग दोन छऱ्यांच्या मधल्या फटीतून थाळी सुखरूप निसटूही शकते! दुसरा बार काढता येतो हे खरं, पण तेव्हा ती आणखी लांब गेलेली असते. शिवाय अंतिम फेरीत दुसरा बार नाहीच. एका थाळीला एकच काडतूस.

यात एक गोष्ट मला फार आवडली. थाळी कुठं जाईल हे माहीत नसलं, तरी २५ थाळ्यांच्या फेरीत प्रत्येकाच्या वाट्याला १० डावीकडच्या, १० उजवीकडच्या आणि ५ मधल्या थाळ्या येतात. क्रम तेवढा प्रत्येकाचा वेगळा. म्हणजे पेपर सगळ्यांना सारखाच, फक्त प्रश्न उलटसुलट लावलेले. "त्याला सोप्या थाळ्या मिळाल्या" असं म्हणायची सोय नाही!

ट्रॅपमध्ये भारताची कामगिरी जुनी आहे. बिकानेरचे महाराजा करणीसिंग १९६० ते १९८० या काळात पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२ च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं. २००६ साली मानवजितसिंग संधू तर ट्रॅपचे जगज्जेतेच झाले.

स्कीट: सगळं माहीत आहे, तरीही

स्कीटच्या जन्माची गोष्ट मजेशीर आहे. साधारण १९२० च्या सुमाराला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात चार्ल्स डेव्हिस नावाचे एक गृहस्थ होते. त्यांना शिकारीचा सराव करायचा होता. त्यांनी घड्याळाच्या तबकडीसारखं मोठं वर्तुळ आखलं आणि त्यावरच्या बारा जागांवरून नेम धरायचा खेळ काढला. पण झालं काय, शेजाऱ्यानं कोंबड्या पाळल्या! आता चारी दिशांना बार काढणार कसे? मग डेव्हिस यांनी वर्तुळ अर्धं केलं आणि समोरासमोर दोन यंत्रं बसवली. शेजाऱ्याच्या कोंबड्यांमुळे खेळाला नवा आकार मिळाला. १९२६ मध्ये एका मासिकानं या खेळासाठी नाव सुचवायची स्पर्धा ठेवली. त्यात माँटाना राज्यातल्या एका बाईंनी सुचवलेलं ‘स्कीट’ हे नाव निवडलं गेलं.

आजही स्कीटचं मैदान अर्धवर्तुळच असतं. डाव्या टोकाला एक उंच घर, उजव्या टोकाला एक बुटकं घर. दोन्ही घरांतून थाळ्या सुटतात आणि त्यांची वाट दर वेळी तीच असते. कमानीवर सात जागा आणि आठवी जागा दोन घरांच्या बरोबर मध्ये. नेमबाज एकेका जागेवर जातो आणि कधी एक, तर कधी दोन थाळ्या एकदम मागतो.

"मग त्यात काय अवघड?" हाच तर आमच्या वर्गातला प्रश्न होता. तर ऐका.

पहिली अट, बंदूक खांद्याला लावून उभं राहायचं नाही. थाळी दिसेपर्यंत तिचा दस्ता कमरेपाशी ठेवायचा. थाळी दिसली की बंदूक वर उचलायची, खांद्याला लावायची, नेम धरायचा आणि बार काढायचा. सगळं त्या एका क्षणात!

दुसरी अट, हाक मारली की लगेच थाळी येईल असं नाही. ती शून्य ते तीन सेकंदांत केव्हाही सुटते. लपाछपीत राज्य घेणारा अगदी जवळ येऊन थांबतो, तेव्हा आपली काय अवस्था होते ते आठवा. तसेच ते तीन सेकंद.

तिसरी अट, एका थाळीला एकच बार. चुकला की संपलं.

आणि चौथी अडचण गणिताची आहे. समजा, तुम्ही अर्धवर्तुळाच्या मधोमध उभे आहात आणि थाळी तुमच्या समोरून आडवी चालली आहे. अंतर सुमारे २० मीटर. छर्रे सेकंदाला साधारण ३५० मीटर जातात असं धरू. मग २० मीटर जायला त्यांना किती वेळ लागेल? २० भागिले ३५०, म्हणजे सेकंदाचे सुमारे सहा शतांश. फारच थोडा वेळ, नाही का? पण थाळी स्वस्थ बसलेली नाही. ती सेकंदाला २० मीटर वेगानं जात असेल, तर तेवढ्या वेळात ती एक मीटरपेक्षा जास्त पुढं सरकते. थाळीची रुंदी ११ सेंटिमीटर. म्हणजे दहा थाळ्या ओळीनं मांडल्या तर जेवढी जागा लागेल, तेवढं पुढं, रिकाम्या हवेत नेम धरायचा! थाळीवर नेम धरला, तर थाळी नक्की चुकणार.

बरं, हे अंतर सगळीकडे सारखं असतं का? छे! पहिल्या जागेवर उंच घरातली थाळी डोक्यावरून सरळ पुढं जाते. तिथं जवळजवळ पुढं मारावंच लागत नाही. आठव्या जागेवर थाळी तुमच्याच दिशेनं येते आणि मधली रेषा ओलांडायच्या आत ती फोडावी लागते. म्हणजे वाट ठरलेली आहे, पण प्रत्येक जागेचं गणित वेगळं.

डबल ट्रॅप: एकदम दोन

आणखी एक प्रकार होता, डबल ट्रॅप. त्यात दोन थाळ्या एकदम सुटायच्या, दोन वेगवेगळ्या दिशांना. वेग साध्या ट्रॅपपेक्षा कमी, दिशाही ठरलेल्या, पण प्रत्येकीला बार एकच. पहिली फोडायला उशीर झाला की दुसरी लांब पळाली! घाई करावी तर पहिलीच सुटायची.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात मेजर राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २०० पैकी १७९ थाळ्या फोडून रौप्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं वैयक्तिक रौप्यपदक. पुरुषांचा डबल ट्रॅप १९९६ पासून २०१६ पर्यंत ऑलिंपिकमध्ये होता, नंतर तो काढून टाकला. २०१८ साली आपला अंकुर मित्तल या प्रकारात जगज्जेता झाला, पण तोवर त्याच्या खेळाला ऑलिंपिकचं दार बंद झालं होतं. वर्षानुवर्षं तयारी करावी आणि परीक्षेचा विषयच रद्द व्हावा! ही अडचण तर कोणत्याच गुणपत्रिकेत दिसत नाही.

गुणपत्रिका काय म्हणते?

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर आकडे लिहिले. तुम्हीही पाहा.

अथेन्स, २००४. ट्रॅपच्या विजेत्याच्या थाळ्या १५० पैकी १४९. स्कीटच्या विजेत्याच्या थाळ्या १५० पैकी १४९. डबल ट्रॅपच्या विजेत्याच्या २०० पैकी १८९.

"म्हणजे ट्रॅप आणि स्कीट सारखेच, डबल ट्रॅप सर्वांत अवघड!" वर्गानं निकाल लावून टाकला.

मग मी पुढचे आकडे लिहिले. टोकियो ऑलिंपिक, जे २०२१ साली झालं. पुरुषांच्या अंतिम फेरीत ट्रॅपचा विजेता ५० पैकी ४३. स्कीटचा विजेता ६० पैकी ५९. टक्केवारी काढा. ट्रॅप ८६ टक्के, स्कीट ९८ टक्के.

"बघा, मी म्हणत नव्हते?" ट्रॅपवाली मुलगी खूश झाली.

मग लिहिलं पॅरिस, २०२४. ट्रॅपचा विजेता ५० पैकी ४८, स्कीटचा विजेता ६० पैकी ५८. म्हणजे ९६ टक्के आणि जवळजवळ ९७ टक्के. पुन्हा बरोबरी!

वर्ग गप्प झाला. तीन वर्षांत ट्रॅप काय सोपा झाला? यंत्रं तशीच, थाळ्या तशाच. बदलतो तो त्या दिवसाचा वारा, उजेड, थाळीमागच्या आकाशाचा रंग आणि उभा राहिलेला माणूस. मुलांनो, गुण किती पडले यावरून पेपर किती अवघड होता हे सांगता येत नाही. पेपर कोणी, कोणत्या दिवशी सोडवला, तेही पाहावं लागतं.

आणि नाव सारखं असलं तरी पेपर सारखाच असेल असं नाही हं! अमेरिकेत खेळतात त्या ट्रॅपमध्ये यंत्र एकच असतं, थाळ्यांचा वेग कमी आणि बाजूला वळण्याचा कोनही कमी. तिथं शंभरपैकी शंभर थाळ्या फोडणारे बरेच असतात. ‘स्पोर्टिंग क्लेज’ नावाच्या प्रकारात तर मैदान दर ठिकाणी निराळं. झाडीतून थाळी येते, टेकडीवरून येते, एक तर जमिनीवरून उड्या मारत जाते. तिला चक्क ‘ससा’ म्हणतात! तिथं दोन मैदानांचे गुण शेजारी ठेवून काय कळणार?

आमचा मैदानावरचा प्रयोग

तरीही मुलांचं समाधान होईना. म्हटलं, चला मैदानावर! चिंध्यांचे चेंडू घेतले आणि नेमासाठी एक मोठा, हलका प्लास्टिकचा चेंडू. पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यामागे एका मुलाला लपवलं. तो मोठा चेंडू मनाला येईल तिकडे फेकणार आणि दहा पावलांवरून बाकीच्यांनी चिंध्यांच्या चेंडूनं तो टिपायचा. हा झाला आमचा ट्रॅप. दहापैकी दोन-तीन लागले तरी टाळ्या पडत होत्या.

मग स्कीट. चेंडू एकाच ठिकाणाहून, एकाच वाटेनं येणार. पण हात कमरेवर ठेवायचे आणि फेकणारा मनात एक, दोन किंवा तीन आकडे मोजून फेकणार. इथं दहापैकी सहा-सात लागायला लागले. "सोप्पंय, सोप्पंय!" असा एकच गलका झाला.

तेव्हा मी नियम बदलला. "आता ओळीनं पाच लागले पाहिजेत. एक सुटला की बाद."

पहिला नंबर लावला तो पेपर सोपा म्हणणाऱ्या मुलानंच. पहिला लागला, दुसरा लागला, तिसरा, चौथा. वर्ग श्वास रोखून उभा. पाचवा चेंडू आला, अगदी पहिल्या चारांसारखा, त्याच वाटेनं. आणि सुटला! सगळे एकदम ओरडले, "एवढं सोपं सुटलं!"

त्याचा चेहरा असा काही उतरला की मलाच कसंतरी झालं. कारण ओरडणाऱ्यांत माझाही आवाज होता, बरं का. "अरे, सोपा तर होता," असं माझ्याही तोंडून गेलं होतं.

शाळा सुटल्यावर तो दप्तर पाठीला लावून माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "बाई, पाचवा चेंडू तसाच होता. मीच तसा नव्हतो. चार लागल्यावर मला वाटायला लागलं, आता चुकायचं नाही. आणि तेच वाटत राहिलं."

मित्रांनो, मी रात्री जागून जे वाचलं होतं, ते त्यानं तीन वाक्यांत सांगितलं. माहेश्वरी आणि अनंतजीत यांची ती एक थाळी कशी असेल, हे त्याला त्या दिवशी कळलं. आणि वह्या तपासताना ‘एवढं सोपं गणित चुकलास?’ असा शेरा मी मारते, तो मुलांना कसा लागत असेल, हे मला कळलं.

तर मग अवघड कोणतं?

माझं उत्तर असं आहे. ट्रॅपमध्ये पुढं काय येणार ते कळत नाही, ही अडचण. डबल ट्रॅपमध्ये वेळ पुरत नाही, ही अडचण. स्कीटमध्ये सगळं कळतं, सगळ्यांनाच कळतं, म्हणून चुकायची मुभाच राहत नाही, ही अडचण. नवशिक्याला कदाचित ट्रॅपची सवय लवकर होईल, कारण बंदूक आधीच खांद्याला असते आणि थाळी समोरच्या बाजूलाच जाते. स्कीटमधलं ‘हवेत नेम धरायचं’ गणित त्याला चक्रावून टाकेल. पण वरच्या पायरीवर पोचल्यावर दोन्हीकडे एकच प्रश्न उरतो. शंभरावी थाळी पहिल्यासारखीच फोडता येते का?

अमेरिकेच्या किम ऱ्होड हिचं उदाहरण घ्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा ती जेमतेम सतरा वर्षांची होती. २००० साली तिला कांस्य मिळालं, २००४ साली पुन्हा सुवर्ण. त्यानंतर महिलांचा डबल ट्रॅप ऑलिंपिकमधून काढून टाकला. तिनं हाय खाल्ली नाही, तिनं स्कीटवर भर दिला. २००८ साली रौप्य, २०१२ साली १०० पैकी ९९ थाळ्या फोडून सुवर्ण आणि २०१६ साली कांस्य. ओळीनं सहा ऑलिंपिकमध्ये सहा पदकं, दोन वेगवेगळ्या प्रकारांत! यातलं अवघड कोणतं, ते तिला विचारायला हवं. आपण रेषेच्या बाहेर उभे.

आणि चीनच्या झांग शानची गोष्ट सांगितल्याशिवाय थांबवत नाही. १९९२ साली बार्सिलोनाला स्कीटमध्ये पुरुष आणि स्त्रिया एकत्र खेळत. झांग शाननं अंतिम फेरीच्या आधीच्या २०० पैकी २०० थाळ्या फोडल्या आणि सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्णपदक जिंकलं. पुढं काय झालं? १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवलं गेलं आणि महिलांचं वेगळं स्कीट आलं ते थेट २००० साली. त्यामुळे विजेती असून १९९६ साली झांग शानला खेळताच आलं नाही. आता सांगा, तिच्यासाठी अवघड काय होतं? थाळी की नियम?

म्हणून यापुढे कोणी काही करताना चुकलं, तर ‘त्यात काय, सोपं तर आहे’ असं म्हणण्याआधी एकदा त्याच्या जागेवर उभं राहून बघा. मीही बघणार आहे. माझ्या लाल पेनातून तो शेरा मी तेव्हापासून काढून टाकलाय.

जाता जाता एक काम. आमचा चिंध्यांच्या चेंडूचा प्रयोग तुमच्या मैदानावर करून पाहा. तोंडाकडे चेंडू मारायचा नाही आणि दगड तर मुळीच घ्यायचा नाही! एका वहीत लिहून काढा, विटी-दांडू, लगोरी आणि गोट्या यांत तुमच्या मते अवघड कोणतं आणि का. मात्र ‘का’ लिहिताना ‘न कळण्याची’, ‘न पुरण्याची’ आणि ‘न चुकण्याची’ यांपैकी कोणती अडचण, ते ओळखा. पत्रं पाठवा, मी वाट बघतेय.

आणि हो, कोणाच्या खिशात बेचकी असेल, तर तिचा नेम रिकाम्या डब्यावर धरा. खऱ्या कबुतरांना ऑलिंपिकनं केव्हाच सोडून दिलंय. तुम्हीही सोडा!

तुमची,
बाई